बसती रांग

कायदा वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक लगेच सरकारच्या नावाने खडे फोडायला लागतात. कोणा बड्या अधिकाऱ्याची आई म्हणे कुठल्याशा खिडकीपुढे तीन तास उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. त्या माणसाला खरोखर वाईट वाटलं. आता अधिकाऱ्याला वाईट वाटलं की तो काय करणार, कागद काढणार. त्याने काढला. त्यात कामाचं कलम एकच होतं: ज्याने सत्तर वर्षं पूर्ण केली आहेत अशा कोणाही नागरिकाला कुठल्याही सरकारी कार्यालयात रांगेत उभं राहावं लागणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी ‘सन्मान खिडकी’ असेल आणि त्यांचं काम तिथेच होईल. यात नावं ठेवण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

कागद निघाला तेव्हा आत्याला सत्तर पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

आत्या म्हणजे रफूवाली आत्या. खरं तर ती एकाच माणसाची आत्या, पण त्या भाच्याच्या घरात, मागच्या खोलीत, पंचवीस वर्षं काढल्यामुळे दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शाल खिळ्याला अडकून फाटली, की चौकातला लॉन्ड्रीवाला तो कपडा तिच्याकडे आणून टाकायचा. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि भोक विणून बंद करायचं, हे तिचं काम. लॉन्ड्रीवाला तो कपडा उन्हात धरून दहा मिनिटं भोक शोधायचा आणि त्याला सापडायचं नाही. रफू दिसला तर तो रफू नव्हे, ठिगळ, एवढंच तिचं शास्त्र.

तर ही आत्या एकदा वीज कार्यालयात गेली. बिलावर तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. सन्मान खिडकी नवी कोरी होती, आतला माणूस उठून उभा राहिला, म्हणाला, “या आजी,” प्यायला पाणी दिलं, अक्षर दुरुस्त केलं आणि दारापर्यंत सोडायला आला. आत्याचं काही चुकलं असेल तर इतकंच, की ती हे घरी जेवताना सांगत बसली.

“चार मिनिटं?” भाच्याचा घास हातातच राहिला.

“पाणी प्यायले ते धरून.”

“आणि दुसऱ्याचं काम असेल तर?”

“घरातल्या कोणाचंही चालतं म्हणाला. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं.”

भाच्याने बायकोकडे पाहिलं. भाचेसुनेने नवऱ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्या दोघांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी भाच्याच्या गाडीचे कागद झाले. त्या आठवड्यात नातीच्या कॉलेजचा दाखला झाला, भाचेसुनेच्या ओळखपत्रावरचा फोटो बदलला. मग भाचेसुनेचा भाऊ आला, बरोबर फाइल घेऊन. तो गेला तर त्याची सासू आली. ती बिचारी अडुसष्ट वर्षांची, दोन वर्षांनी हुकलेली. पुढे पुढे तर अशी माणसं यायला लागली की नातं सांगता सांगता चहा निवायचा. “मी तुमच्या सुनेच्या मावशीच्या धाकट्या जावयाचा भाऊ.” “हो का, बसा बसा.” स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पूर्वी गॅस आणि दातांचा डॉक्टर एवढंच लिहिलेलं असायचं. आता प्रत्येक चौकोनात आत्या होती. सोमवारी आत्या पाणीपट्टी, मंगळवारी आत्या रहिवासी दाखला. बुधवार मोकळा ठेवला होता, भाचेसून तशी विचारी होती.

आणि खरं सांगायचं तर आत्याला सुरुवातीला हे आवडलंच. का नाही आवडणार? इतकी वर्षं त्या घरात तिला कोणी काही मागितलं असेल तर तुटलेलं बटण लावायला. आता सकाळी चहाबरोबर विचारलं जायचं, “आत्या, आज तुला वेळ आहे ना ग?” संध्याकाळी आल्यावर, “झालं का?” ती म्हणायची, “झालं.” बस्स. त्या ‘झालं’ची तिला मोठी ऐट होती.

पण आत्या काय एकाच घरात असते? सहा महिन्यांत गावातल्या प्रत्येक घराला आपल्याकडेही एक म्हातारं माणूस असल्याचा शोध लागला. ज्यांचे आजोबा गच्चीवर पेपर वाचत बसायचे त्यांनी आजोबांना खाली आणलं. ज्यांची काकू दुसऱ्या गावी मुलीकडे होती त्यांनी तिला प्रेमाने पत्र धाडून बोलावून घेतलं. ज्यांच्याकडे कोणीच नव्हतं ते शेजाऱ्यांच्या म्हातारीशी गोड बोलायला लागले. झालं, सन्मान खिडकीपुढे ही भली मोठी रांग.

आता कायद्यात काय लिहिलं होतं? रांगेत उभं राहावं लागणार नाही. साहेबांनी कागद पुन्हा वाचला, घाम पुसला आणि खुर्च्या मागवल्या. भिंतीला लागून एकापुढे एक चाळीस खुर्च्या. सगळ्यांनी बसायचं. खिडकीतला एक माणूस सुटला की पहिल्या खुर्चीवरचा उठून खिडकीशी जाणार, दुसऱ्या खुर्चीवरचा पहिल्या खुर्चीवर बसणार, तिसरा दुसऱ्या, असं थेट चाळिसाव्यापर्यंत. म्हणजे एका माणसाचं काम झालं की एकोणचाळीस म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, आई ग करत उठायची, एक पाऊल पुढे टाकायची आणि परत बसायची. कोणी वैतागून जरा उभं राहिलं की शिपाई हात जोडून यायचा. “आजी, उभं राहायला मनाई आहे. कायदा आहे, माझी नोकरी जाईल.”

आत्याच्या पुढच्या खुर्चीवर बहुतेक वेळा मास्तर असायचे. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, वय एक्याऐंशी, मुलगी आणि दोन्ही सुना आळीपाळीने त्यांना पाठवायच्या. ते एकदा उठता उठता म्हणाले, “आत्या, चाळीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या. हे बघा, व्याजासकट फेडतोय.” आणि बसले.

साध्या खिडक्या समोरच होत्या, एक नंबर आणि दोन नंबर. तिथे चिटपाखरू नसायचं. सामान्य नागरिकावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्येक कार्यालयात दोन साध्या खिडक्या चालू ठेवाव्यात, असं त्याच कागदात पुढे लिहिलेलं होतं. माणसं बसवलेली होती, दिवे लावलेले होते, नागरिक मात्र येत नव्हता. तो घरी बसून आपल्या आजीची वाट पाहत होता.

वरती अहवाल गेला की ज्येष्ठांचं घराबाहेर पडण्याचं प्रमाण अकरा पटीने वाढलं. वरून शाबासकी आली आणि आणखी वीस खुर्च्या आल्या. एक फोटोवाला येऊन गेला. त्याचा मोठा फलक चौकात लागला, साठ हसरी म्हातारी माणसं. आत्या त्यात डावीकडून तिसरी होती, डोळे मिटलेली.

डोळ्यांचंच तर पुढे सगळं झालं.

एका दुपारी लॉन्ड्रीवाला एक कोट घेऊन परत आला. पंचवीस वर्षांत तो कधी कपडा परत घेऊन आला नव्हता. दारातच घुटमळला, घसा खाकरला, आणि म्हणाला, “आत्या, राग मानू नका. हे जरा... दिसतंय.”

आत्याने कोट हातात घेतला, उजेडाला नेला. तिला काही दिसेना. बोटाने चाचपलं तेव्हा कळलं. धागा एक सोडून एक उचलायचा तो दोन सोडून उचलला होता, आणि तोही आठ ठिकाणी. भोकाच्या जागी चांगली सुजल्यासारखी गाठ झाली होती. तिला इतकी लाज वाटली की तिने लॉन्ड्रीवाल्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मोतीबिंदू, दोन्हीकडे, डावा पार पिकलेला. “तीन महिन्यांच्या आत काढायला हवा. त्यापुढे आत दाब वाढतो, मग ऑपरेशन करूनही दिसेल याची खात्री मी देणार नाही. मोठ्या दवाखान्यात तारीख घ्या. तुम्हाला काय, सन्मान खिडकी आहे.”

मोठ्या दवाखान्याचं नोंदणी कार्यालय नऊ ते एक. आत्या पहिल्या बुधवारी गेली, एक्कावन्नावी खुर्ची मिळाली, एक वाजता ती एकविसाव्या खुर्चीवर होती. खिडकी बंद. दुसऱ्या बुधवारी सातला जाऊन बसली, बाराव्या खुर्चीपर्यंत पोहोचली. चौथ्या बुधवारी तर तिसऱ्या खुर्चीवर असताना तिच्या डोळ्यांदेखत खिडकी खाली आली. आणि त्या ओळीत आजारी किती होते म्हणाल? फार थोडे. कोणी नातवाचा खेळासाठी लागणारा तब्येतीचा दाखला घेऊन आलेलं, कोणी परदेशी निघालेल्या जावयाचं लशीचं कार्ड. धडधाकट माणसांचे कागद मांडीवर घेऊन म्हातारी माणसं उठत होती आणि बसत होती.

इतर दिवशी जावं म्हटलं तर कॅलेंडर भरलेलं. “आत्या, गुरुवारचं मागे-पुढे नको ग करू,” भाचा म्हणायचा, “मी त्यांना शब्द दिलाय.”

असे सहा बुधवार गेले.

सहाव्या बुधवारी खिडकी बंद व्हायला अर्धा तास असताना आत्या एकोणिसाव्या खुर्चीवरून उठली आणि सरळ चालत दोन नंबरच्या खिडकीशी गेली. मागून शिपाई ओरडला, “आत्या, तिकडे नाही! आत्या!”

दोन नंबरच्या खिडकीमागचा कारकून टाचण्या लांबीप्रमाणे लावत बसला होता. माणूस आलेला पाहून तो इतका गडबडला की सगळ्या टाचण्या खाली सांडल्या.

“या आत्या, बसा. नाही, इथे खुर्ची नाही. उभ्या राहा.”

आत्या उभी राहिली. वर्षभरानंतर कोणी उभं राहू देत होतं, बरं वाटलं.

“डोळ्याची तारीख पाहिजे.”

त्याने मोठ्या उत्साहाने अर्ज घेतला, ओळखपत्र घेतलं, नंबर टाकला. मग त्याचा चेहरा उतरला. “मशीन घेत नाही हो. सत्तरच्या वरच्यांना या खिडकीवर घेतलं तर त्यांचा सन्मानभंग होतो. पडद्यावर तसंच लिहून येतंय, लाल अक्षरात.”

“होऊ दे भंग. माझी हरकत नाही.”

“तुमची हरकत चालत नाही. म्हणजे, तुमची परवानगी चालत नाही.” तो खरंच खजील झाला होता. “पण एक करता येईल. तुमच्या वतीने घरचं कोणी आलं तर मी अर्ज घेऊ शकतो. फक्त सत्तरच्या आतलं पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे. साध्या खिडकीच्या वाट्याच्या तारखा वर्षभर कोणी उचललेल्याच नाहीत, ढीग पडलाय नुसता. कोणालाही पाठवा. नऊ ते एक, कधीही. मी इथेच असतो.”

“आमच्या घरात तिघं आहेत सत्तरच्या आतली,” आत्या म्हणाली, आणि इतक्या आनंदात घरी आली की येताना नातीसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन आली.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. सगळं नीट सांगितलं, तीन महिने, डावा डोळा, दोन नंबरची खिडकी, दहा मिनिटं.

“रांगेत?” भाचा म्हणाला. “मी?”

“रांग नाहीच आहे रे तिथे. रिकामी आहे.”

“आता रिकामी आहे. मी गेलो की भरेल. माझं नशीब तुला माहीत नाही.”

“अहो आत्या,” भाचेसून म्हणाली, “मला त्या ऑफिसातलं काही म्हणजे काही कळत नाही. कुठे सही, कुठे शिक्का. तुम्हाला आता सगळं पाठ झालंय.”

“ऑनलाइन नाही का होत, आत्याआजी?” नातीने विचारलं आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

“आणि तुला तर चार मिनिटांत सोडतात,” भाचा म्हणाला. “मग हे मधेच मला कशाला?”

“चार मिनिटं पहिल्या दिवशी लागली होती. आता चार तास लागतात.”

भाचा हसला. “काहीतरीच! रोज तर जाऊन येतेस. कधी बोलली नाहीस ती.”

हे मात्र खरं होतं. ती कधी बोलली नव्हती. रोज संध्याकाळी “झालं का?” आणि “झालं,” यापलीकडे कधी गोष्ट गेलीच नव्हती, कोणी विचारलं नव्हतं आणि तिने ऐटीत सांगितलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप, आणि त्यातला अर्धा स्वतःचाच.

भाचा काही दुष्ट माणूस नव्हता. तो म्हणाला, “जातो सोमवारी.” सोमवारी त्याच्या दुकानात मालाची मोजदाद निघाली. पुढच्या सोमवारी तो खरंच निघाला, पण अर्ज दुकानातच विसरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्ज सापडला नाही. भाचेसून एक दिवस गेली, दारातून खुर्च्यांवर बसलेली साठ माणसं पाहिली आणि धसका घेऊन परत आली; रिकामी खिडकी त्यांच्या पलीकडे होती. ज्यांची कामं आत्याने केली होती त्यातल्या चार-पाच जणांना तिने फोन लावले. सगळे फार प्रेमाने बोलले. भाचेसुनेचा भाऊ म्हणाला, “आत्या, तुमच्यासाठी जीव देईन, पण ती सरकारी कचेरी नको.” लॉन्ड्रीवाला एका पायावर तयार होता, पण तो पडला चौऱ्याहत्तरचा.

या सगळ्यात कॅलेंडर काही थांबलं नव्हतं. “जातेच आहेस तर,” असं म्हणून भाचा सकाळी एखादी फाइल तिच्या पिशवीत सरकवायचा. असे पाच आठवडे गेले. डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीचे अकरा दिवस उरले.

बुधवारी आत्या पुन्हा दोन नंबरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

“कोणाला तरी पाठवणार होतात ना, आत्या?” कारकुनाने विचारलं. “मी रोज वाट बघत होतो.”

“पाठवणार होते.”

घरचं गाऱ्हाणं बाहेर सांगायची तिला सवय नव्हती. ती नुसती उभी राहिली. पलीकडे साठ जण उठले आणि बसले.

“तुमचं वय काय हो?” आत्याने विचारलं.

“सदतीस.”

“म्हणजे सत्तरच्या आत.”

तो हसला. मग हसायचा थांबला. खणातून नियमांचं पुस्तक काढून त्याने ते पुढून वाचलं, मागून वाचलं. “अर्जदार खिडकीबाहेर असावा,” तो पुटपुटला. “स्वीकारणारा खिडकीच्या आत असावा. ही दोन माणसं वेगळी असावीत असं कुठे लिहिलेलं नाही.” मग त्याने अर्ज उलगडला आणि सहाव्या रकान्याशी थांबला. “इथे अडतंय. नातं. खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल, आत्या.”

“खोटं नकोच. काय लिहिलंय तिथे?”

त्याने वाचून दाखवलं: “‘अर्जदार रुग्णास कोणत्या नात्याने हाक मारतो ते लिहावे.’” पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याने ‘हाक मारतो’ या शब्दांखाली बोट धरलं.

“तुम्ही मला काय हाक मारता?” आत्या म्हणाली.

“आत्या,” कारकून म्हणाला, आणि त्याने ते लिहिलं.

मग तो उठला, खुर्ची नीट आत सारली, मागच्या दाराने बाहेर पडला आणि बोळातून फिरून, साठ खुर्च्यांवरच्या साठ माणसांपुढून चालत आपल्याच खिडकीपुढे येऊन उभा राहिला. नऊ वर्षं त्या खिडकीत बसत होता, पण ती बाहेरून त्याने कधी पाहिली नव्हती. काच मळलेली होती. “इथून तर आतलं काही दिसतच नाही,” तो म्हणाला. त्याने अर्ज फटीतून आत सरकवला, पुन्हा बोळातून फिरून आत गेला, अर्ज घेतला, तपासला, शिक्का मारला. पावती अर्जदाराच्या हाती द्यावी असा नियम असल्यामुळे ती खिडकीच्या फळीवर ठेवून दुसऱ्यांदा बाहेर आला आणि त्याने ती घेतली. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली, त्यातली पाच चालण्यात गेली.

“हा कोण?” मास्तरांनी शिपायाला विचारलं.

“आत्यांचा भाचा,” शिपाई म्हणाला.

तारीख मिळाली पुढच्या गुरुवारची. मुदत संपायला तेव्हा तीन दिवस शिल्लक राहत होते. पावतीच्या मागे बारीक अक्षरात एक अट होती, ती कारकुनाने सही करून झाल्यावर वाचली: ऑपरेशनच्या दिवशी अर्जदारानेच रुग्णास घेऊन यावे व सुखरूप घरी पोहोचवावे.

“तुमची अडचण होईल,” आत्या म्हणाली.

“माझ्या एकशे बारा दिवस सुट्ट्या साठल्यात,” तो म्हणाला. “घ्यायला कारणच मिळत नव्हतं. आठला येतो. पत्ता आहेच अर्जावर.”

त्या संध्याकाळी भाचेसून पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर भरत होती. भाचा म्हणाला, “आत्या, गुरुवारी माझ्या लायसन्सचं बघ ग.”

“गुरुवारी ऑपरेशन आहे.”

“मिळाली तारीख?” भाच्याला मनापासून आनंद झाला. “बघ! मी म्हणत नव्हतो? तुझं कुठे अडत नाही. मग पट्टी किती दिवस राहील?”

“चार-पाच दिवस.”

भाच्याने थोडा विचार केला. “मग लायसन्स सोमवारी ठेवू. डोळ्याला पट्टी असली की तिथेही थेट पुढे घेतात, ऐकलंय मी. तुलाच त्रास कमी होईल.” हे त्याने अगदी काळजीने म्हटलं.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तो तिला दिसत होता तो नुसता एक मोठा, पुसट, ओळखीचा आकार. “सोमवारी नाही,” ती म्हणाली. “त्याच्या पुढेही नाही. माझं नाव पुसून टाक तिथलं सगळं. तुमच्यासाठी मी वर्षभर उठाबशा काढल्या रे. माझ्यासाठी कोणाला दहा मिनिटं उभं राहवलं नाही.”

भाचेसुनेच्या हातात पेन तसंच राहिलं. तिनेच विचारलं, “घेऊन कोण जाणार तुम्हाला?”

“भाचा.”

“मी?” भाचा म्हणाला. “गुरुवारी? अग, गुरुवारी दुकानात मला—”

“तू नाही,” आत्या म्हणाली. “दुसरा.”

गुरुवारी सकाळी आठला दाराची बेल वाजली. भाचा दात घासता घासता दार उघडायला गेला. बाहेर त्याच्याहून लहान, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस हातात फाइल घेऊन उभा होता. त्याने भाच्याकडे पाहून मान हलवली आणि आत हाक मारली, “आत्या, झालं का?”

“झालं,” आतून आत्या म्हणाली, आणि पिशवी घेऊन आली.

भाचा तोंडात ब्रश तसाच ठेवून बाजूला झाला. मग ब्रश काढून म्हणाला, “थांबा, मीच येतो. चप्पल घालतो नुसती.”

“नको,” आत्या म्हणाली. “अर्जदारच लागतो.”

ती जिन्याशी गेली. त्या माणसाने आपणहून हात पुढे केला, तिने तो धरला. मग तिने उजवा पाय पुढे नेऊन पहिल्या पायरीची कड चपलेने हलकेच चाचपली, सापडल्यावर पाय ठेवला, आणि तसाच दुसऱ्या पायरीसाठी दुसरा पाय पुढे केला. कितीतरी दिवस ती असंच उतरत असली पाहिजे, इतकी तिला त्याची सवय झालेली दिसत होती. भाच्याने ते पहिल्यांदाच पाहिलं. तो एका पायात चप्पल घालून दारात उभा राहिला, ती खालच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत.